तीन बॅक उत्तीर्ण होऊन गेले. यंदाच्या महाविद्यालयीन संघाची बचावफळी कशी बांधावी?

मेरी वेदरचा कोपरा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाच्या सरावात मी क्रीडाशिक्षकांना मदत करतो. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय सामन्यांची तयारी आता सुरू करायची आहे. त्यातून वर गेलो, तर सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील संघांशी गाठ पडेल. सगळीकडे बाद पद्धत असल्यामुळे एक सामना ढिला गेला की वर्ष संपले. आघाडीची चिंता मला फारशी नाही, कारण दोन्ही फॉरवर्ड गेल्या वर्षीचेच आहेत आणि शहरातील पेठांच्या स्थानिक संघांतून खेळून तयार झालेले आहेत. चिंता आहे ती मागच्या चौघांची.

गेल्या वर्षीच्या चार बॅकपैकी तिघे पदवी घेऊन बाहेर पडले. उरलेला उजवा बॅक यंदा कप्तान आहे आणि त्याच्याबद्दल शंका नाही. स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या, दोन जागांसाठी तीन नावे समोर आहेत. पहिला गडहिंग्लजहून शिकायला आलेला, उंच आणि हेडरला खणखणीत. पण चेंडू पाठीमागे पडला की वळायला जड. दुसरा एका तालमीच्या (पेठेतील मंडळाच्या) संघात राखीव म्हणून बसणारा. त्याचे पाय स्वच्छ आहेत आणि खेळाची समज चांगली आहे. परंतु त्या संघात स्टॉपरला बाहेरगावचे तयार खेळाडू घेतल्यामुळे त्याला पूर्ण सामना क्वचितच मिळाला आहे. तिसरा आमचा बचावात्मक हाफ (बचावफळीच्या पुढे खेळणारा मधला खेळाडू), जो मागे येऊन खेळू शकेल, पण त्याची इच्छा नाही. डावा बॅक म्हणून डावखुरा विंगरच वापरावा लागेल असे दिसते. तो वेगवान आहे, मात्र एकदा पुढे गेला की परत येण्याचे त्याला स्मरण राहत नाही. गोलरक्षक फटके धाडसाने अडवतो, पण सामनाभर तोंड उघडत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. या माणसांवर चौघांची सरळ फळी लावावी, की एकाला स्वीपर म्हणून फळीच्या मागे मोकळा ठेवून बाकीच्यांनी माणूस धरावा, म्हणजे एकेका प्रतिस्पर्ध्याला चिकटून राहावे? आणि हातात असलेल्या थोड्या आठवड्यांत नेमका कशाचा सराव घ्यावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

---

जुना स्टॉपर

आपण माणसांची नोंद नेमकी केली आहे, त्यामुळे थेट मुद्द्यावर येतो. स्टॉपर म्हणून गडहिंग्लजचा मुलगा आणि तालमीच्या बाकावरचा मुलगा ही जोडी ठरवा, आणि सराव सामन्यांचे निकाल काहीही लागले तरी ती मोडू नका. हाफला मागे ओढण्याचा मोह टाळावा, कारण त्याला मागे घेतले तर स्टॉपरची एक जागा भरेल, परंतु त्या दोघांच्या समोरची जागा उघडी पडेल, आणि विद्यापीठाच्या स्पर्धेत निम्मे धोके त्याच पट्ट्यातून येतात. समोर चेंडू अडवणारा कोणी असेल, तर सामान्य स्टॉपरसुद्धा शहाणा वाटू लागतो.

उंच मुलाने चेंडूवर जायचे आणि दुसऱ्याने त्याच्या तिरके, तीनचार पावले मागे राहून सावरायचे, ही वाटणी कायमची करून टाका. वळायला जड असलेल्या खेळाडूला वळावे लागणारच नाही अशी व्यवस्था करणे हे प्रशिक्षकाचे काम आहे. त्याला मैदानाच्या मध्यरेषेपर्यंत वर नेऊन उभे केले, तर पाठीमागे चाळीसएक मीटर मोकळे राहतात आणि कोणताही चपळ फॉरवर्ड त्याला मोजून मारतो. फळी मोठ्या डीच्या (पेनल्टी क्षेत्राच्या) थोडी बाहेर, गोलपासून वीसपंचवीस मीटरवर ठेवली, की त्याच मुलाची उंची उपयोगी पडते आणि उणीव झाकली जाते.

स्वीपरच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण ऑफसाइडच्या नियमात आहे. पुढे दिलेला चेंडू घेणाऱ्या आक्रमकासमोर गोलच्या बाजूला निदान किती प्रतिस्पर्धी हवेत, याचा हा नियम. १९२५ साली तो बदलून तिघांऐवजी दोघांची अट आली, तेव्हापासून शेवटून दुसरा माणूस कोठे उभा आहे यावर आक्रमकाची मोकळीक ठरते. गोलरक्षक जागेवर असेल, तर तो दुसरा माणूस म्हणजे आपला स्वीपर. तो फळीच्या मागे दहा मीटर उभा राहिला, म्हणजे समोरच्या फॉरवर्डला आपण स्वतःच डीच्या तोंडाशी उभे राहण्याचा परवाना दिला. जाणता स्वीपर वेळ पाहून वर येतो, पण ते जाणतेपण विद्यार्थी संघात काही आठवड्यांत येत नाही.

याचा अर्थ ऑफसाइडचा सापळा लावा असाही नाही. सापळ्यासाठी चौघांनी एकाच क्षणी पुढे पाऊल टाकावे लागते, आणि आपला विंगर त्या क्षणी कोठे असेल हे आपणच लिहिले आहे. मी सांगतो ती पद्धत साधी आहे. समोरच्याच्या पायात चेंडू आहे, त्याच्यावर कोणी नाही आणि त्याची मान वर आहे, तर चौघांनी मागे सरकायचे. चेंडू त्यांनी मागे खेळला किंवा त्याची पाठ आपल्याकडे झाली, तर चौघांनी पुढे सरकायचे. चेंडू डाव्या बगलेत गेला तर सर्वांनी डावीकडे, उजवीकडे गेला तर उजवीकडे. एवढेच शिकवा, पण ते अंगवळणी पडेपर्यंत शिकवा.

याच्या सरावासाठी एक उपाय सांगतो. एखाद्या गोठ्यातून म्हशीची जुनी दावी आणा आणि एकाला एक जोडून चौघांच्या कमरेला अशी बांधा, की दोघांमध्ये आठ ते दहा मीटर अंतर राहील. मग समोर पाचसहा जणांना चेंडू एकमेकांकडे द्यायला सांगा आणि या चौघांना फक्त सरकू द्या. चेंडू हिसकावायचा नाही. पहिल्या दिवशी दावे सारखे ताणले जाईल, कोणीतरी हिसक्याने मागे खेचला जाईल आणि हशा होईल. चौथ्या-पाचव्या दिवशी दावे जमिनीकडे सैल लोंबकळत राहू लागले, म्हणजे अंतर जमले असे समजा. नंतर ते सोडवून तोच सराव घ्या. पळताना मात्र दावे बांधू नये, गुडघा दुखावेल.

---

शिट्टीवाला

मी स्थानिक सामन्यांत पंच म्हणून काम करतो, त्यामुळे डावपेचांत पडत नाही. परंतु महाविद्यालयीन बचावपटू ज्या गोष्टींवर हकनाक सापडतात त्या सांगणे उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे जर्सी ओढण्याची सवय. मोठ्या डीमध्ये गोलची उघड संधी रोखताना बचावपटूने चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि चुकला, तर २०१६ पासूनच्या नियमानुसार पेनल्टीबरोबर पिवळे कार्ड मिळते. तीच संधी जर्सी ओढून, धरून किंवा ढकलून रोखली, तर पेनल्टी जातेच आणि लाल कार्डही दाखवावे लागते. मागे पडलेल्या स्टॉपरचा हात आपोआप पुढे जातो. हे सरावातच मोडून काढा. पाहिजे तर बचावपटूंना हातात एकेक बिब (सरावाची बिनबाह्यांची जर्सी) घट्ट धरून खेळायला लावा.

गोलकिकच्या वेळी २०१९ पासून चेंडू डीच्या बाहेर जाण्याची वाट पाहावी लागत नाही. तो लाथाडून स्पष्ट हलला की खेळात आला, आणि आपला स्टॉपर तो डीमध्येच घेऊ शकतो. पेठेचे जाणते संघ याचा फायदा घेतात. आपल्या बाकावरच्या मुलाचे पाय खरोखर स्वच्छ असतील तर आपणही घ्या, नाही तर चेंडू सरळ लांब पाठवा. अर्धवट मन करून डीमध्ये खेळणे हे सर्वांत धोक्याचे.

गोलरक्षकासाठी दोन सूचना आहेत. सहकाऱ्याने पायाने मुद्दाम दिलेला चेंडू त्याला हातात घेता येत नाही, हा नियम १९९२ पासूनचा असूनही पावसात, गडबडीत आजही मोडला जातो. आणि २०२५-२६ च्या हंगामापासून चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला, तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. पंच हात वर करून शेवटचे पाच सेकंद बोटांनी मोजून दाखवतो. आघाडी घेतल्यावर वेळ काढणाऱ्या गोलरक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

शेवटचे म्हणजे थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. हे सर्वांना पाठ असते, आणि तरीही थ्रोच्या वेळी बचावफळी सवयीने वर सरकून उभी राहते.

---

गांधी मैदान

जुन्या स्टॉपरांचे बहुतेक म्हणणे मान्य आहे. एका बाबतीत मात्र मी वेगळे सांगेन. पावसाळ्यात आपल्या मैदानांची जी अवस्था होते, ती पाहता पहिल्या फेरीपुरता तरी स्वीपर सरसकट निकालात काढू नये. चिखलात लांब टाकलेला चेंडू टप्पा न पडता मध्येच रुतून बसतो, त्याचा अंदाज घेऊन पुढे धावलेला बॅक घसरतो, आणि अशा वेळी मागे एक माणूस असणे ही चैन नसून गरज असते. मैदान वाळल्यावर सरळ फळीवर या. एका हंगामात दोन पद्धती शिकवणे अवघड आहे हे मला कळते, पण केवळ पहिल्या दोन सामन्यांसाठी सावरणाऱ्या स्टॉपरला थोडे मागे राहू दिले आणि आपल्या हाफला मागे न नेता स्टॉपरांच्या अगदी पुढे, चिकटून ठेवले, तरी तेच काम होईल आणि त्याची नाराजीही राहणार नाही.

आता शरीराच्या तयारीबद्दल. आपल्याकडे दमसास वाढवायचा म्हटले की पहाटे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागायचे ही जुनी रीत आहे. पन्हाळा वीसएक किलोमीटरवर, शेवटी चढ. छाती तयार होते यात वाद नाही. परंतु स्टॉपर सामन्यात एका दमात वीस किलोमीटर धावत नाही. तो दहापंधरा मीटरची झेप घेतो, थांबतो, पाठमोरा सरकतो, कुशीवर वळतो आणि पुन्हा झेप घेतो. गडहिंग्लजच्या मुलाला पन्हाळा दाखवण्यापेक्षा रोज सरावाच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, वळून धावण्याच्या मोजक्या झेपा घ्यायला लावा. त्याची नितंबाची दिशा कोणत्या बाजूला उघडते ते पाहा. बहुतेक उंच मुले एकाच बाजूला सहज वळतात, आणि ती बाजू कळली की त्याला डावा स्टॉपर करायचे की उजवा, हेही ठरते.

फिफाने प्रसारित केलेला ‘११+’ हा वीस मिनिटांचा वॉर्म-अप विशेष साधन न लागता करता येतो: आठ मिनिटे हळू धावणे, दहा मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी दोन मिनिटे वेगाने धावणे. यात मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी एक व्यायाम आहे तो चुकवू नका. गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने मागून घोटे दाबून धरायचे, आणि कमरेत न वाकता सबंध शरीर जितके सावकाश पुढे झुकवता येईल तितके झुकवत शेवटी हातांवर पडायचे. पहिल्या आठवड्यात मुले धाडकन पडतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हतात, म्हणून सुरुवात अगदी थोड्या आवर्तनांनी करावी. चिखलात पाय फाकून घसरल्यामुळे जांघेचे स्नायू दुखावणे हीही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे. त्यासाठी लांब स्टडचे बूट आणि बाजूला सरकण्याचे व्यायाम हाच उपाय.

एक अवांतर, पण विषयाला धरून. कोल्हापूरने घडवलेल्या खेळाडूंचे नाव घ्यायचे तर पटकन तोंडात येतो तो अनिकेत जाधव, म्हणजे फॉरवर्ड. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर शिट्ट्या पडतात त्या गोलला आणि ड्रिब्लिंगला. गोलरेषेवरून काढलेल्या चेंडूला फार तर सुस्कारा मिळतो. अनिकेत ज्या संघात होता, त्या २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातील भारत-कोलंबिया सामन्याची दहा मिनिटे आपल्या चौघांना दाखवा. दिल्लीत ८२ व्या मिनिटाला जॅक्सन सिंगने कॉर्नरवर हेडर मारून १-१ अशी बरोबरी केली, सारे स्टेडियम डोक्यावर घेतले गेले, आणि दुसऱ्याच मिनिटाला कोलंबियाने गोल करून सामना नेला. गोल केल्यानंतरची दोन मिनिटे बचावफळीने कशी उभी राहायची, हा सरावाचा स्वतंत्र विषय आहे. सराव सामन्यात आपला गोल झाला की लगेच खेळ थांबवून, समोरच्या संघाला मधून चेंडू देऊन तीच दोन मिनिटे पुनःपुन्हा खेळवा.

---

मेरी वेदरचा कोपरा

सर्वांचे मनापासून आभार. क्रीडाशिक्षकांना मी हे सर्व वाचून दाखवले आणि जोडी ठरली. हाफ आपल्या जागीच राहणार हे ऐकून त्याचा चेहरा खुलला. तीन अडचणी मात्र उरतात. गोलरक्षकाला कितीही सांगितले तरी तो बोलत नाही. स्वभावच अबोल आहे. विंगरला डावा बॅक होणे म्हणजे पदावनती वाटते. आणि तालमीच्या बाकावरच्या मुलाला तिकडच्या सरावाला दांडी मारून चालत नाही, नाही तर साखळी सामन्यांसाठी संघात जागा राहणार नाही अशी त्याला भीती आहे. जुन्या स्टॉपरांनी, शक्य असल्यास, याबद्दलही लिहावे.

---

जुना स्टॉपर

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण ती सोडवली नाही तर बाकीचे व्यर्थ आहे. तालीम आणि महाविद्यालय यांत मुलाला निवड करायला लावू नका. तो तालीमच निवडेल, आणि त्याच्या जागी मीही तेच केले असते. लहानपणापासून ज्यांच्या जर्सीकडे पाहत तो वाढला, त्यांच्यासमोर आपली स्पर्धा त्याला चार दिवसांची वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या क्रीडाशिक्षकांनी एका संध्याकाळी स्वतः तालमीत जाऊन त्यांच्या प्रशिक्षकांना भेटावे आणि दोन्हीकडचे सरावाचे दिवस समोरासमोर मांडावेत. आपल्याकडे त्याला पूर्ण सामने मिळणार आहेत, आणि तयार झालेला स्टॉपर हंगामात त्यांनाही हवाच असतो. एवढे सांगितले तर बहुधा कोणी अडवत नाही. चिठ्ठी पाठवून मात्र काम होत नाही. मानाने जावे लागते.

गोलरक्षकाला ‘बोल, बोल’ म्हणून तो बोलका होणार नाही. त्याला ठरलेले चार शब्द द्या. चेंडू घ्यायला स्वतः येत असेल तर ‘माझा’, बॅकने उडवून लावायचा असेल तर ‘काढ’, पाठीमागे माणूस असेल तर ‘मागं आहे’, आणि फळीने वर सरकायचे असेल तर ‘चला’. सरावात तो शब्द आला नाही तर गोल अडवला तरी खेळ थांबवा आणि तीच चाल पुन्हा खेळवा. अबोल मुलगा गप्पा मारणार नाही, पण नेमून दिलेले काम करील. दाव्याच्या सरावात त्यालाही मागे उभा करा, म्हणजे आवाज कोणासाठी द्यायचा हे त्याला दिसेल. फळीचा हुकूम मात्र त्याच्याकडे ठेवू नका. तो बाकावरच्या मुलाकडे द्यावा, कारण मागे राहून सावरणारा तोच आहे आणि सर्वांत जास्त मैदान त्यालाच दिसते.

विंगरचा रुसवा काढण्यात वेळ घालवू नये. त्याला पुढे जाण्याची मोकळीक द्या आणि त्याच्या जाण्याची किंमत इतरांत वाटून द्या. तो गेला की उजवा बॅक जागचा हलणार नाही, दोन्ही स्टॉपर डावीकडे सरकतील आणि हाफ त्यांच्या रांगेत येऊन बसेल. कप्तान उजवा बॅकच असल्यामुळे ही शिस्त पाळली जाईल. विंगरवर बंधन एकच ठेवा: चेंडू आपल्याकडून गेला, तर पहिले पाच सेकंद त्याने जेथे असेल तेथेच समोरच्याला भिडायचे, आणि तेवढ्यात चेंडू मिळाला नाही तर मान खाली घालून परत धावायचे. परत येण्याची आठवण हाफने करून द्यावी.

आता आपल्या संघाबद्दल माझा अंदाज. लांब चेंडू टाकून डोक्याने खेळणाऱ्या संघासमोर ही फळी भक्कम ठरेल, विशेषतः मैदान ओले असताना. आखूड पास देऊन दोन स्टॉपरांच्या मधून आत घुसणाऱ्या संघासमोर हाफच्या दिवसावर सारे अवलंबून राहील. मला खरी काळजी वाटते ती आपल्या डाव्या कोपऱ्याची, कारण पहिल्या अर्ध्या तासात विंगर दोनदा उघडा पडला की समोरचा प्रशिक्षक आपला सर्वांत वेगवान खेळाडू त्याच बाजूला आणेल. हे गृहीत धरूनच तयारी करा. सराव सामना एखाद्या शालेय संघाशी घेऊन सात गोलांनी जिंकण्यात अर्थ नाही. ज्यांच्याकडे उजव्या बाजूला खरोखर पळणारा खेळाडू आहे असा तालमीचा दुय्यम संघ शोधा, आणि त्यांच्या प्रशिक्षकांना आधीच सांगा की चेंडू वारंवार त्याच बाजूने टाका.

कॉर्नरबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून एवढे लिहून थांबतो. जवळच्या खांबापाशी कप्तान, छोट्या डीच्या मध्यावर गडहिंग्लजचा मुलगा मोकळा, ज्याला कोणाला धरायचे नाही आणि फक्त चेंडूवर उडी घ्यायची आहे. बाकीच्यांनी एकेक माणूस धरावा, धरावा म्हणजे शिट्टीवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे हाताने नव्हे. विंगरला डीच्या बाहेर उभा करा; चेंडू बाहेर आला की पळायला त्याच्याइतका योग्य माणूस आपल्याकडे नाही, आणि त्या निमित्ताने तोही खूश राहील.